जमीन-वापरातला बदल मोजायचा, तर बिंदू किती दाट टाकायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: देशभरातला जमीन-वापरातला बदल दर पाच वर्षांनी मोजायचा आहे, उपग्रहाच्या चित्रांवर बिंदू टाकून, म्हणजे प्रत्येक बिंदूखालची जमीन कशासाठी वापरात आहे ते वाचून. जाळी 2 किलोमीटरची (दर 2 किलोमीटरवर एक बिंदू) घ्यावी, 5 ची की 10 ची? आणि त्याच बिंदूंतून नाशिक जिल्ह्याचा वेगळा आकडा निघेल का?

आधी उत्तर देऊन टाकतो. देशाच्या आकड्याला 5 किलोमीटरची जाळी भरपूर झाली. नाशिकच्या आकड्याला तीच जाळी अजिबात पुरणार नाही. यात विसंगती वाटत असेल तर ती घनतेच्या नादाने वाटते. दर चौरस किलोमीटरला किती बिंदू, यावर अचूकता ठरत नाही. बदललेल्या जमिनीवर एकूण किती बिंदू पडले, यावर ती ठरते. सगळं गणित तिथूनच सुरू होतं.

बदल ही दुर्मीळ गोष्ट आहे. समजा पाच वर्षांत देशाची अर्धा टक्का जमीन एका वापरातून दुसऱ्या वापरात गेली. हा आकडा मी उदाहरणापुरता धरलाय, पण एवढ्याच पट्टीतला धरून चालावं. अशा दुर्मीळ गोष्टीसाठी हिशोब सोपा होतो: बदलाचे साधारण 100 बिंदू हाती लागले, तर 95 टक्के खात्रीने आकडा 20 टक्के इकडे-तिकडे, 400 लागले तर 10 टक्के इकडे-तिकडे. अचूकता दुप्पट हवी तर बिंदू चौपट, हा नियम इथेही सुटत नाही.

भारताचं क्षेत्रफळ सुमारे 32.87 लाख चौरस किलोमीटर. 10 किलोमीटरच्या जाळीत जवळपास 33 हजार बिंदू येतात, त्यातले बदलाचे 160-165. म्हणजे 15 टक्के इकडे-तिकडे. 5 च्या जाळीत 1.31 लाख बिंदू, बदलाचे साडेसहाशे, आठ टक्क्यांच्या आत आकडा. 2 च्या जाळीत 8.2 लाख बिंदू आणि तीन टक्के. आता खर्च बघा. स्क्रीनवर दोन तारखांची चित्रं शेजारी ठेवून नीट वाचणारा माणूस दिवसाला दीडशेच्या आसपास बिंदू करतो. त्यापुढे गेला की डोळे थकतात आणि मग तो वाचत नाही, नुसतं क्लिक करतो. त्या हिशोबाने 5 ची जाळी दहा माणसांचं चार महिन्यांचं काम आहे आणि 2 ची जाळी त्याच दहा माणसांचं दोन वर्षांचं. आठ टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर येण्यासाठी दोन वर्षं द्यायची का, याचं उत्तर आकडा कोण आणि कशासाठी वापरणार यात आहे. तो निर्णय संख्याशास्त्राचा नाही.

खर्च आणि त्रुटी एकत्र मांडून घनता ठरवायची ही पद्धत आपल्या देशात जुनी आहे. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी 1937 पासून बंगालच्या तागाच्या क्षेत्राची सर्वेक्षणं केली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता: नकाशावर टाकायचे चौकोन केवढे घ्यायचे आणि किती? त्यांनी माणसाचा चालण्याचा वेळ, मोजणीचा वेळ, कागदपत्रांचा वेळ वेगवेगळा धरून खर्चाचं सूत्र बांधलं, चौकोनाच्या आकाराप्रमाणे त्रुटी कशी बदलते याचं दुसरं सूत्र बांधलं, आणि दोन्हींमधून ठरलेल्या पैशात कमीत कमी त्रुटी काढली. आज चालण्याच्या जागी इंटरनेटचा वेग आला, एवढाच फरक.

आता जाळीच्या मापापेक्षाही महत्त्वाची गोष्ट: दोन्ही वर्षी बिंदू तेच हवेत. हे ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून आकड्यांत सांगतो. समजा देशाची 45 टक्के जमीन लागवडीखाली आहे. पहिल्या वर्षी 1.31 लाख बिंदू टाकून ते प्रमाण काढलं, पाच वर्षांनी नव्याने दुसरे 1.31 लाख बिंदू टाकून पुन्हा काढलं आणि वजाबाकी केली. प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे बघितला तर देखणा आहे. पण वजाबाकीत दोघांची त्रुटी एकत्र येते आणि ती भरते 0.38 टक्के-अंक. मोजायचाय अर्धा टक्का, आणि मोजपट्टीच पाऊण हिश्श्याने हलतेय! तेच, जर तेच बिंदू दोन्ही वेळी वाचले, तर न बदललेला बिंदू त्रुटीत भरच घालत नाही. त्रुटी येते 0.038. बरोबर एक दशांश. नवे बिंदू घेऊनच ही अचूकता गाठायची म्हटली तर शंभरपट बिंदू लागतील.

आपल्याकडे पीकक्षेत्राचे वेळेवर अंदाज काढायला दरवर्षी 20 टक्के गावं निवडतात आणि पाच वर्षांत सगळी गावं फिरून येतात. त्या वर्षीच्या पेऱ्याचा अंदाज लवकर मिळावा यासाठी ती योजना आहे आणि तेवढ्यासाठी ती ठीक आहे. पण यंदाच्या गावांतून गेल्या वर्षीच्या वेगळ्या गावांची वजाबाकी करून कुणी जमीन-वापराचा बदल सांगू लागला, तर तो आकडा बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय जमीन-पाहणीत हे पथ्य 1982 पासून पाळलंय: सुमारे तीन लाख ठरलेले तुकडे, त्यांत जवळपास आठ लाख ठरलेले बिंदू. सुरुवातीला दर पाच वर्षांनी सगळे बघत. पुढे दरवर्षी काही कायमचे आणि काही फिरते बघू लागले, पण बिंदू तेच राहिले.

इथपर्यंत सरळ जाळी. पुढचा मोह असतो स्तर पाडण्याचा, म्हणजे जमिनीचे वेगळे भाग करून प्रत्येक भागात वेगळ्या घनतेने बिंदू टाकण्याचा. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळीकडे सारखा शिजतो. पण भातात खडा आहे का, हे शीत दाबून कळत नाही. बदल हा खड्यासारखा आहे. तो नाशिक शहराच्या कडेला आडगाव-पाथर्डीच्या बाजूला, महामार्गाच्या कडेला, सिन्नरच्या उद्योगपट्ट्यात एकवटतो आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात मैलोन् मैल सापडत नाही. म्हणून जिथे बदलाचा संशय आहे तो भाग वेगळा काढायचा आणि तिथे जास्त बिंदू टाकायचे, ही कल्पना रास्त आहे. किती जास्त, इथे मात्र भले भले फसतात.

उदाहरण घेऊ. एकूण बिंदू 20 हजार. देशाचा 5 टक्के भाग ‘संशयित’, आणि एकूण बदलातला 70 टक्के बदल तिथे. म्हणजे त्या भागात बदलाचा दर 7 टक्के आणि उरलेल्या 95 टक्के भागात जेमतेम 0.16 टक्के. स्तर न पाडता सरळ टाकले तर आकडा 19-20 टक्के इकडे-तिकडे. स्तर पाडून संशयित भागात 5 हजार आणि उरलेल्यात 15 हजार टाकले तर 14 टक्के. म्हणजे 20 हजार बिंदूंनी 39 हजारांचं काम केलं. आणि उत्साहाने उलटं केलं, संशयित भागात 15 हजार आणि उरलेल्यात 5 हजार? 21 टक्के. स्तर न पाडण्यापेक्षाही वाईट! पैसे तेवढेच, मेहनत जास्त आणि आकडा सैल.

कारण त्या 95 टक्के भागात आहे. तिथे 5 हजारच बिंदू असतील, तर एकेका बिंदूच्या पाठीवर सुमारे 625 चौरस किलोमीटर बसतात. बदलाचे बिंदू तिथे सात-आठच पडणार. एक जास्त पडला किंवा एक वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटला, की देशाचा आकडा 625 चौरस किलोमीटरनी हलतो. ‘स्थिर’ म्हणून ज्या जमिनीकडे आपण पाठ फिरवतो, सगळी अनिश्चितता तिथेच दबा धरून असते. म्हणून माझा आग्रह असा की संशयित भागाचा नकाशा फार विश्वासाचा नसेल, तर त्याला बिंदूंच्या पाव हिश्श्याहून जास्त देऊ नका, आणि त्या भागाभोवती एक-दोन किलोमीटरचा पट्टा वेगळा स्तर म्हणून ठेवा. नकाशातून निसटलेला बदल बहुतेक वेळा तिथेच सापडतो. आणखी एक: स्तर आज पाडले तर पाच वर्षांनी तेच ठेवावे लागतात, तोवर संशयाची जागा बदललेली असते. दीर्घ पल्ल्याच्या कामाला साधी समान जाळी म्हातारी होत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाने 2016 पासून राष्ट्रीय वनगणनेला 5 बाय 5 किलोमीटरची एकसारखी जाळी स्वीकारली, त्यातला मला पटलेला भाग हाच.

जाळीबद्दल एक तांत्रिक सूचना. ती अक्षांश-रेखांशाच्या अंशांवर आखू नका. रेखांश उत्तरेकडे जवळ येत जातात, त्यामुळे कन्याकुमारीपेक्षा काश्मीरमध्ये बिंदू सुमारे 20 टक्के दाट पडतात आणि प्रत्येक बिंदूला वेगळं वजन द्यावं लागतं. समक्षेत्र प्रक्षेपणावर (ज्या नकाशात क्षेत्रफळं सगळीकडे खरी राहतात) मीटरमध्ये आखा आणि जाळीचा पहिला बिंदू यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखा, निवडा, सोयीच्या पूर्णांकावर नको.

आता वाचनाच्या चुकीकडे येतो, कारण खरी कामं इथे बुडतात. समजा तुमचा वाचणारा इतका तरबेज आहे की न बदललेल्या 1,000 बिंदूंपैकी 995 तो ‘बदल नाही’ असं बरोबर सांगतो. उरलेले पाच तो बदललेले म्हणतो. म्हणजे खोटा बदल अर्धा टक्का. खरा बदलही अर्धा टक्काच होता. अहवालात आकडा दुप्पट जातो. बिंदू दहापट केलेत तर हाच दुप्पट आकडा आणखी आत्मविश्वासाने छापला जाईल, कारण त्रुटीची पट्टी अरुंद होईल. घनता वाढवून ही चूक कधीच जात नाही.

आणि नाशिकमध्ये फसायला जागा किती! एप्रिलमध्ये वेलींची खरड छाटणी झाली की दिंडोरी-निफाडची द्राक्षबाग वरून उघडी-बोडकी दिसते. नवख्या माणसाला ती पडीक वाटते. तीच बाग डिसेंबरात हिरवीगार. बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन टाकलं की तीच बाग पत्र्याच्या शेडसारखी चमकते. पहिलं चित्र डिसेंबरचं आणि दुसरं एप्रिलचं असेल तर कागदावर शेकडो एकर बागा उठल्या असं निघतं, आणि प्रत्यक्षात एक वेलही हललेला नसतो. म्हणून दोन्ही वर्षांची चित्रं एकाच हंगामाची हवीत, आणि शक्यतो वर्षाला दोन: पावसाळ्यानंतर एक, उन्हाळ्यात एक. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची 10 मीटरची चित्रं 2015 पासून फुकट मिळतात, तेव्हा हंगाम चुकवायला आता सबब नाही. पण 30 बाय 30 मीटरचं शेततळं किंवा बागेतलं घर त्यात जेमतेम ओळखू येतं. तिथे जास्त स्पष्ट चित्र लागतंच.

‘पडीक’चा घोळ याहून मोठा. आपल्या नऊ प्रकारच्या वर्गवारीत चालू वर्षी पेरली नाही ती चालू पड, एक ते पाच वर्षं न पेरलेली इतर पड, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त न पेरलेली मशागतयोग्य पडीक. येवला-नांदगावला पाऊस दगा देतो त्या वर्षी चालू पड फुगते, पुढच्या वर्षी ओसरते. हा पावसाचा आलेख झाला, जमीन-वापराचा नव्हे. सुरगाणा-पेठकडे नागली-वरईची उताराची शेतं काही वर्षं पिकवून पड टाकतात. तिथे पड हा शेतीचाच भाग आहे. तेव्हा चालू पड शेतीतच धरा. हवामान-बदलाच्या आंतरराष्ट्रीय हिशोबात जे सहा वर्ग असतात (वन, शेती, गवताळ, पाणथळ, वस्ती, इतर) त्यातही तात्पुरती पड शेतीतच जाते. वर्ग जितके जास्त आणि व्याख्या जितक्या ढिल्या, तितका खोटा बदल वाढतो. सहा वर्गांवर काम होत असेल तर हौसेखातर वीस करू नका.

मग कागदावर न बसणाऱ्या जागा. बिंदू कांदा चाळीवर पडला: वरून छप्पर दिसतं, पण वापर शेतीचा. बिंदू एनए (बिगरशेती) लेआउटवर पडला: मुरमाचे रस्ते आखलेले, हद्दीचे दगड रोवलेले, मधे गुडघाभर गवत आणि त्यात चरणारी म्हैस. आच्छादन गवताचं, वापर वस्तीचा की अजून शेतीचा? सातबारा एक सांगेल, चित्र दुसरं आणि म्हैस तिसरं. तुम्ही काय ठरवता याला फार महत्त्व नाही. सगळे वाचणारे दोन्ही तारखांना तेच ठरवतात का, याला आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी तपोवनाकडे जी जमीन तात्पुरती वापरात येईल तिचंही आत्ताच लिहून ठेवा: काही महिन्यांचे तंबू आणि वाहनतळ म्हणजे बदल धरायचा नाही. नेमकी त्याच वर्षाची चित्रं वापरली गेली, तर हे वाक्य वाचणाऱ्यांच्या नियमपुस्तकात असल्याचा फार उपयोग होईल.

हद्दीचा नियमही लिहून हवा. संख्याशास्त्रज्ञ सुखात्मे हे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पीक कापणीच्या प्रयोगात, म्हणजे शेतातला ठराविक तुकडा कापून उत्पादन मोजताना, लहान तुकड्यांतून उत्पादन जास्त दिसतं, हे त्यांनी दाखवून दिलं. कडेवरची रोपं आत ओढून घेण्याकडे माणसाचा कल असतो आणि लहान तुकड्याला त्याच्या मानाने कड जास्त असते. बिंदू बांधावर पडला की वाचणारा असाच जरा ‘चांगल्या’ बाजूला सरकतो. युरोपच्या जमीन-पाहणीत हद्दीवर पडलेल्या बिंदूसाठी उत्तरेकडे बघायचं असा नियम आहे. दिशा कुठलीही घ्या, पण माणसाच्या मर्जीवर सोडू नका.

तीच पाहणी आणखी एका कारणाने बघण्यासारखी आहे. तिथे 2 किलोमीटरच्या जाळीवर अकरा लाखांच्या आसपास बिंदू आधी फोटोवर ढोबळ वर्गात वाचले आणि त्यातून निवडलेल्या काही लाखांपैकी बहुतेकांवर माणसं प्रत्यक्ष पाठवली. आपल्याकडेही असंच करावं: टेबलावर दाट, शेतात विरळ. शेतात पाठवायचे बिंदू बदलाच्या संशयाचे तर हवेतच, पण ‘बदल नाही’ म्हटलेल्यांतलेही थोडे हवेत. ते वगळले तर निसटलेला बदल कधीच कळत नाही. शिवाय दहातला एक बिंदू दुसऱ्या माणसाने, पहिल्याचं उत्तर न बघता वाचावा.

गुच्छाबद्दल थोडंच. एका चौकोनात 25 बिंदू असे गट केले तर प्रवास वाचतो, पण शेजारचे बिंदू एकमेकांचीच री ओढतात. आपसातला संबंध 0.1 इतका किरकोळ असला तरी 25 बिंदू सातांएवढंच काम करतात. काम टेबलावर असेल तर गुच्छ करण्यात काहीच फायदा नाही.

आता नाशिक. जिल्हा सुमारे 15,500 चौरस किलोमीटरचा, पंधरा तालुके. 5 च्या जाळीत 620 बिंदू. पाच वर्षांत एक टक्का बदल धरला, देशाच्या दुप्पट, तरी बदलाचे बिंदू सहा. सहा सापडले म्हणजे खरा बदल 0.35 टक्के असू शकतो, नाहीतर 2.1 टक्केही असू शकतो. असा आकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू नये. निफाड तालुक्याचं तर बोलायलाच नको, तिथे चाळीसएक बिंदू पडतील आणि त्यात बदलाचा एखादा असेल किंवा नसेल.

आकडा 20 टक्के इकडे-तिकडेच राहायला हवा असेल तर बदलाचे शंभर बिंदू लागणार, मग तो देश असो की जिल्हा. म्हणजे नाशिकला दहा हजारांच्या घरात बिंदू. यासाठी वेगळी जाळी आखू नका. राष्ट्रीय जाळीच निम्मी-निम्मी करत जा. 5 ची 2.5, 2.5 ची 1.25. त्यात 9,900 बिंदू येतात, जुने 620 त्यातच राहतात. देशाचा आकडा काढताना मात्र नाशिकच्या प्रत्येक बिंदूला सोळावा हिस्सा वजन द्या, नाहीतर देशात बदलाचा पूर आलाय असं दिसेल. एवढा खर्च झेपत नसेल तर कालावधी वाढवा: दहा वर्षांचा बदल मोजा, निम्मे बिंदू पुरतील. आणि कुणी दरवर्षीचा आकडा मागितला, तर बिंदू पाचपट लागतील हे त्यांना आधीच सांगा.

सुरुवात मात्र थेट दहा हजारांपासून करू नका. निफाड, सिन्नर, येवला आणि सुरगाणा असे चार वेगळ्या स्वभावाचे तालुके घ्या, त्यात 1.25 च्या जाळीचे बिंदू दोन माणसांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्या. त्यातून दोन आकडे निघतील: बदलाचा दर किती, आणि दोघांचं ‘बदललं’ यावर जुळतं किती. पहिला आकडा वरच्या हिशोबात घाला, घनता आपोआप निघेल. दुसरा आकडा वाईट आला, म्हणजे एकाने बदललेले म्हटलेल्यांतले निम्मेही दुसऱ्याने मान्य केले नाहीत, तर जाळीचा विचार थांबवून नियमपुस्तक पुन्हा लिहायला बसा.